संत्रा ग्रेडिंग मशीन: पोटातल्या लुआ इंटरप्रिटरची मेमरी गळती – प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काटोल रोडवरच्या पॅकहाऊसमधून अंबिया हंगामाचे सगळे लॉग आज मिळाले. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) नोंदीत एकच प्रकार वारंवार दिसतो: मेमरी संपली, आमची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) मारली गेली, लिनक्समधले प्रोग्राम सांभाळणाऱ्या सिस्टमडीने ती पुन्हा उभी केली. ती उभी राहीपर्यंत पट्टा चालूच असतो आणि तेवढ्या वेळातली सगळी संत्री शेवटच्या खान्यात, म्हणजे ज्यूसच्या मालात जाऊन पडतात. शेतकऱ्याच्या एक नंबर मालाला ज्यूसचा भाव लागणं ही किरकोळ गोष्ट नाही. मृग बहाराचा, म्हणजे पुढच्या हंगामाचा, माल फेब्रुवारीच्या अखेरीस यायला लागेल. त्याआधी ही मेमरी गळती, म्हणजे काम झालेली मेमरी परत न होता साचत जाणं, मुळापासून निस्तरायची आहे.

रचना थोडक्यात लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी या नोंदी वाचल्या तर अडणार नाही. पट्ट्यावरच्या प्रत्येक फळाचा एक फोटो निघतो. मुख्य प्रोग्राम सी++ मध्ये आहे आणि २ जीबी रॅमच्या छोट्या औद्योगिक संगणकावर लिनक्समध्ये चालतो. फळाचा व्यास, रंग आणि डाग तो मोजतो. फळ कुठल्या खान्यात टाकायचं हे मात्र लुआ स्क्रिप्ट ठरवते, कारण व्यापारी बदलला की निकष बदलतात. कोणाला आकार हवा, कोणाला रंग, कोणी सालीवरचा डाग अजिबात चालवून घेत नाही. दर वेळी प्रोग्राम नव्याने बांधून देणं जमणार नाही, म्हणून लुआ. रिओच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली ही भाषा दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात बसण्यासाठीच घडवलेली आहे. आमच्याकडे ५.४ आहे.

रोज रात्री आपोआप रीस्टार्ट करणारी क्रॉन नोंद टाकून मोकळं व्हा, असा सल्ला मीटिंगमध्ये आला. मला तो मान्य नाही. हंगाम भरात असला की रात्रपाळीही चालते, शिवाय लॉगमध्ये प्रोसेस कित्येकदा भर दुपारीच मेलेली दिसते. गळतीचं कारण माहीत नसताना तिचं वेळापत्रक आपण कशाच्या आधारावर ठरवणार?

७ जानेवारी

मशीनवरच्या ऑपरेटर भाऊंना फोन केला. प्रोसेस कधी मरते याचा त्यांचा अंदाज आमच्या आलेखांपेक्षा नेमका निघाला. म्हणाले, "म्याडम, लहान लहान लॉट असले का मशीन लवकर बसते जी. एकाच शेतकऱ्याचा मोठा माल आला तर दिवसभर काई होत नाई."

हे लिहून ठेवणं महत्त्वाचं. एकूण फळं तेवढीच असूनही लॉट जास्त झाले की मरण लवकर येतं. म्हणजे लॉट बदलताना काहीतरी मागे राहतं. पण लॉटमागे राहून राहून किती राहणार? निकषांचं एक टेबल, दोन-चार फंक्शनं. त्याने २ जीबी कशी भरेल?

९ जानेवारी

गळती शोधायला बसण्याआधी कुठली मेमरी वाढते आहे ते वेगळं करायला हवं. प्रोग्रामच्या पोटात इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग) असला की 'मेमरी वाढली' या वाक्यात तीन निरनिराळे आकडे असतात. एक, ऑपरेटिंग सिस्टमच्या दृष्टीने प्रोसेसने व्यापलेली रॅम. ती प्रॉक फाइलसिस्टममध्ये व्हीएमआरएसएस या नावाने मिळते. दोन, सी++ बाजूने मागितलेली आणि अजून परत न केलेली मेमरी. तीन, लुआच्या हीपचा, म्हणजे तिने आपल्या वस्तूंसाठी घेतलेल्या मेमरीचा, आकार, जो लुआ_जीसी या फंक्शनला विचारला की किलोबाइटमध्ये कळतो. तिन्ही आकडे दर शंभर फळांमागे एका फाइलमध्ये लिहायची सोय केली. सी++ बाजूच्या आकड्यात फ्रेमसाठी, म्हणजे मेमरीत धरलेल्या फळाच्या फोटोंसाठी, स्वतंत्र मोजणी ठेवली.

पट्टा ऑफिसात आणता येत नाही, पण अंबियातल्या फळांचे फोटो डिस्कवर आहेत. ते ओळीने खेळवणारा रीप्ले प्रोग्राम आमच्या इंटर्नने लिहिला. लॉट किती फळांचा धरायचा ते त्यात बदलता येतं. भाऊंचं म्हणणं आता टेबलावर तपासता येईल.

१० जानेवारी

भाऊंचं म्हणणं तंतोतंत खरं. लहान लॉट दिले की रॅम पायऱ्या-पायऱ्यांनी चढते आणि अखेर प्रोसेस मरते. एकच मोठा लॉट दिला तर रॅम एका पातळीला जाऊन थांबते.

लुआचा हीप मात्र अगदी बारीक चालीने वाढतो. सुरुवातीला ४०० केबीच्या आसपास, आणि मरणाच्या वेळीही २ एमबीच्या घरात. म्हणजे लुआकडे २ एमबी आणि प्रोसेसकडे २ जीबी. साहजिकच सगळ्यांची नजर सी++ कडे वळली. आजच निष्कर्ष काढायला मी तयार नाही. लॉट हा शब्द सी++ ला माहीतच नाही, तो पूर्णपणे लुआ बाजूचा आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. ऑफिस रिकामं, म्हणून काल संध्याकाळी रीप्ले व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली लावून घरी गेले होते. व्हॅलग्राइंडखाली प्रोग्राम फार मंद चालतो, त्याला अशी मोकळी रात्रच लागते. गच्चीवर पतंग सुरू होण्याआधी लॅपटॉपवरून निकाल पाहिला.

'नक्की हरवलेले' या सदरात थोड्याच नोंदी आहेत, आणि सगळ्या छोट्या. ज्या गळतीने मशीन मरतं तिचा पत्ताच नाही.

विचार केला तर हे असंच व्हायला हवं होतं. प्रोग्राम नीट बंद होताना लुआ_क्लोज ला हाक मारतो. त्या क्षणी लुआ आपली प्रत्येक वस्तू मोकळी करते, उरलेले सगळे फायनलायझर (वस्तू मोडताना चालणारी आवराआवरीची फंक्शनं) चालवते, आणि मग व्हॅलग्राइंड हिशोब बघतं. तोवर घर झाडून स्वच्छ झालेलं असतं. मध्येच तपासणी करवली तरी उपयोग नाही, कारण लुआची प्रत्येक वस्तू इंटरप्रिटरच्या अंतर्गत यादीत जोडलेली असते. कोणाला नको असलेली वस्तूही व्हॅलग्राइंडच्या लेखी 'अजून पोहोचण्याजोगी' ठरते. सी मधली गळती म्हणजे पॉइंटर, मेमरीचा पत्ता, हरवणं. इथे पॉइंटर हरवलेलाच नाही, उलट कोणीतरी तो धरून ठेवला आहे. ॲड्रेस सॅनिटायझर या दुसऱ्या साधनाची लीक (गळती) तपासणीही याच तत्त्वावर चालते, म्हणून तीही गप्प राहील.

त्या छोट्या नोंदी वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यांच्याकडे नंतर.

१६ जानेवारी

लुआच्या हीपमध्ये कोण वाढतंय हे तिच्याच ॲलोकेटरकडून (मेमरी देणाऱ्या-घेणाऱ्या भागाकडून) काढून घेतलं. लुआ_न्यूस्टेट ला आपण स्वतःचं ॲलोकेटर फंक्शन देऊ शकतो. लुआची मेमरीची प्रत्येक मागणी, आकार बदलणं आणि परत करणं त्या एकाच फंक्शनमधून जातं. यातली एक सोय फार कमी लोक वापरतात. नवी वस्तू बनवताना जुना पॉइंटर शून्य असतो, तेव्हा 'जुना आकार' या पॅरामीटरचा खरा अर्थ उरत नाही. म्हणून लुआ ५.२ पासून तिथे वस्तूचा प्रकार पाठवते: स्ट्रिंग, टेबल, फंक्शन, युजरडेटा (सी++ ची वस्तू लुआत वावरते तो डबा) की थ्रेड. परत करताना मात्र प्रकार सांगत नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आधी १६ बाइटचं शीर्षक ठेवलं आणि त्यात प्रकार लिहिला. १६ यासाठी, की पुढच्या पत्त्याचं अलाइनमेंट बिघडू नये.

निकाल स्वच्छ आला. स्ट्रिंग स्थिर. दर लॉटमागे काही फंक्शनं, काही टेबलं आणि खान्यांचे युजरडेटा वाढतात आणि कधीच कमी होत नाहीत. वजनाने पाहिलं तर लॉटमागे १०० केबीच्या आसपास. त्यातला मोठा वाटा रंगतक्त्याचा आहे. ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ घरांचं टेबल, लुआ ५.४ मध्ये ॲरेचं एक घर १६ बाइटचं, म्हणून एकटा तक्ताच ६४ केबी. प्रत्येक लॉटला नवा तक्ता येतो आणि जुना जात नाही.

१७ जानेवारी

पहिला धरणारा सापडला. लॉट सुरू होताना स्क्रिप्ट एक कॉलबॅक देते: फळ आलं की हे फंक्शन चालवा. सी++ ला लुआचं फंक्शन थेट जपून ठेवता येत नाही, म्हणून लुआएल_रेफ ने ते रजिस्ट्रीत (लुआच्या एका अंतर्गत टेबलात) ठेवलं जातं आणि हातात एक पूर्णांक मिळतो. देवळाबाहेर चपला ठेवून टोकन घेतो तसं हे. टोकन परत केलं नाही तर चपला तिथेच राहतात. नवा लॉट आला की जुन्या कोडमध्ये टोकनच्या जागी नवं टोकन लिहिलं जात होतं आणि जुन्यासाठी लुआएल_अनरेफ होत नव्हतं. नको असलेल्या वस्तू गोळा करून मेमरी सोडवणारा गार्बेज कलेक्टर ज्या मुळांपासून शोध सुरू करतो त्यांपैकी रजिस्ट्री एक आहे, त्यामुळे तिथे ठेवलेली वस्तू, तिने क्लोजरमध्ये (बाहेरची व्हेरिएबलं सोबत धरणाऱ्या फंक्शनमध्ये) पकडलेली व्हेरिएबलं, आणि त्यातून रंगतक्ता असं सगळं कायमचं जिवंत.

दुरुस्ती करताना फक्त त्या जागी अनरेफची ओळ घालणं मला पुरेसं वाटत नाही. कोडमध्ये रेफ अनेक ठिकाणी आहे, आणि उद्या कोणी नवा कॉलबॅक जोडेल. म्हणून टोकनला स्वतःचा क्लास केला. त्याची कॉपी होत नाही, मालकी फक्त हलवता येते, आणि डिस्ट्रक्टर (वस्तू नष्ट होताना चालणारं फंक्शन) स्वतः अनरेफ करतो. दोन बारकावे लिहून ठेवते. सी++ मध्ये क्लासचे सदस्य घोषणेच्या उलट क्रमाने नष्ट होतात, म्हणून लुआ स्टेट (चालू इंटरप्रिटर) आधी घोषित व्हायला हवा आणि टोकनं त्याच्या खाली. नाहीतर बंद झालेल्या स्टेटवर अनरेफ होईल. आणि टोकनने जवळ ठेवायचा स्टेट पॉइंटर मुख्य थ्रेडचा असावा. कॉलबॅक एखाद्या कोरूटीनमधून (लुआतल्या मध्येच थांबवता येणाऱ्या उप-थ्रेडमधून) नोंदवला गेला असेल तर ती कोरूटीन पुढे गोळा होईल आणि पॉइंटर हवेत लटकेल. मुख्य थ्रेड रजिस्ट्रीत ठरलेल्या क्रमांकावर मिळतोच.

२० जानेवारी

दुरुस्तीनंतर रीप्ले चालवला. फंक्शनांची वाढ कमी झाली. टेबलांची मेमरी जशीच्या तशी वाढते आहे.

हे निराश करणारं वाटलं तरी यातून एक गोष्ट पक्की कळते: रंगतक्त्याला धरणारे दोन आहेत. दोघांपैकी एकाने सोडलं तर आकडा तसूभरही हलत नाही. आलेखात फरक दिसला नाही म्हणून योग्य दुरुस्ती मागे घेण्याचा मोह अशा वेळी होतो. शुक्रवारचा बदल कायम ठेवते आहे.

दुसरा कोण हे शोधायला लुआमध्येच एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. डीबग लायब्ररीतून रजिस्ट्री घ्यायची, तिथून प्रत्येक टेबलात, मेटाटेबलात (वस्तूचं वागणं ठरवणाऱ्या टेबलात), क्लोजरच्या पकडलेल्या व्हेरिएबलांत आणि युजरडेटाच्या जोडमूल्यांत उतरत जायचं, आणि जुना रंगतक्ता भेटला की आलेल्या वाटेचा पत्ता छापायचा. 'ही वस्तू कोणाची?' या प्रश्नाचं सरळ उत्तर मला आत्तापर्यंत याच एका साधनाने दिलं आहे.

वाट अशी छापून आली: रजिस्ट्री, मग 'खाना भरला' हे फंक्शन, मग त्याने पकडलेला रंगतक्ता. त्याच फंक्शनने खान्याचा युजरडेटाही पकडलेला.

२२ जानेवारी

हे प्रकरण सर्वांत अवघड होतं, म्हणून सावकाश लिहिते.

प्रत्येक खाना सी++ मधली वस्तू आहे. लुआत तिचा युजरडेटा असतो, आणि त्याच्या पोटात त्या वस्तूचा मालकी मोजणारा पॉइंटर, जो शेवटचा मालक गेला की वस्तू मोडतो. खाना भरला की काय करायचं ते फंक्शन स्क्रिप्ट देते. हे फंक्शन सी++ मधल्या खान्याने टोकन म्हणून धरलेलं आहे. आणि फंक्शनच्या आत स्क्रिप्टने खान्यालाच पकडलेलं आहे, कारण भरलेल्या खान्याचं नाव दाखवायचं असतं.

आता साखळी बघा. टोकनमुळे फंक्शन जिवंत. फंक्शनमुळे युजरडेटा जिवंत. युजरडेटामुळे सी++ चा खाना जिवंत. खान्यामुळे टोकन जिवंत. गार्बेज कलेक्टरला वर्तुळं सोडवता येतात, पण या वर्तुळाचा सी++ मधला भाग त्याला दिसत नाही. त्याच्या लेखी रजिस्ट्रीतून कोणीतरी फंक्शन मागतं आहे, एवढंच. मालकी मोजणाऱ्या पॉइंटरला तर वर्तुळ सोडवताच येत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि वस्तू कधीच मरत नाही. टोकनच्या क्लासनेही काही होत नाही, कारण त्याचा डिस्ट्रक्टर चालण्यासाठी आधी खाना मरायला हवा.

मार्ग एकच: सी++ बाजूचा तो दुवा कलेक्टरला दिसेल अशा ठिकाणी आणायचा. लुआ ५.४ मध्ये युजरडेटाला जोडमूल्यं ठेवता येतात. युजरडेटा बनवतानाच किती हवीत ते सांगायचं. 'खाना भरला' हे फंक्शन रजिस्ट्रीतून काढून त्या खान्याच्या युजरडेटाच्या पहिल्या जोडमूल्यात ठेवलं. आता फंक्शन खान्याला धरतं, खाना फंक्शनला धरतो, आणि हे पूर्ण वर्तुळ लुआच्या आत आहे. लॉटचं टेबल गेलं की सगळं एकत्र गोळा होतं.

सी++ ला खान्याकडून त्याच्या युजरडेटाकडे जायचं असतं, त्यासाठी एक दुर्बल (वस्तूला जिवंत न ठेवणारं) टेबल ठेवलं: किल्ली म्हणून सी++ पॉइंटर, मूल्य म्हणून युजरडेटा, आणि मोड असा की मूल्य दुर्बल राहील. दुर्बल मूल्यांच्या बाबतीत लुआचा नियम आपल्या बाजूचा आहे. फायनलायझर चालण्याआधीच ती वस्तू अशा टेबलातून काढली जाते. अर्धवट मेलेला खाना सी++ च्या हाती लागत नाही.

संध्याकाळी रीप्ले: टेबलं, फंक्शनं, युजरडेटा, तिन्ही सपाट. लुआचा हीप शेवटपर्यंत ४०० केबीच्या आसपास.

आणि प्रोसेसची रॅमही सपाट! ३५० एमबीच्या वर जातच नाही. लुआतली दीड एमबीची गळती थांबवली आणि दीड जीबी वाचली. हे जोवर समजत नाही तोवर काम संपलं असं मी म्हणणार नाही.

२३ जानेवारी

समजलं. फ्रेमच्या मोजणीचा आलेख जुन्या आणि नव्या कोडसाठी शेजारी-शेजारी ठेवला तेव्हा लख्ख दिसलं. जुन्या कोडमध्ये जिवंत फ्रेमची संख्या करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होते, आणि प्रत्येक दाता आधीच्यापेक्षा उंच.

एक फ्रेम ६४० गुणिले ४८० पिक्सेलची, पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे ९०० केबी. लुआला मात्र तिच्याजागी दिसतो एक युजरडेटा, शंभर बाइटच्या आतला. कलेक्टर आपलं काम कधी सुरू करायचं ते लुआच्या हीपवरून ठरवतो. ५.४ मध्ये पॉज हे मूल्य मुळात २०० असतं, म्हणजे मागच्या फेरीनंतर जेवढी मेमरी उरली तिच्या दुप्पट होईपर्यंत थांबायचं. आमची स्क्रिप्ट फळामागे साधारण १ केबी कचरा करते. जिवंत हीप ४०० केबी असेल तर पुढची फेरी ४०० फळांनी. तेवढ्यात ४०० फ्रेम पडून, म्हणजे ३५० एमबी. पण रंगतक्ते साचून हीप २ एमबी झाला की फेरी दोन हजार फळांनी येणार. दोन हजार फ्रेम म्हणजे पावणेदोन जीबी. २ जीबीच्या मशीनमध्ये एवढी जागा नाही.

लॉटमागच्या १०० केबीने स्वतः काहीच भरलं नव्हतं. त्यांनी कलेक्टरला आळशी केलं, आणि त्या आळसाच्या काळात फ्रेम साचत गेल्या. लहान लॉट असले की मशीन लवकर बसतं, याचं पूर्ण उत्तर हे.

रॅमचा आलेख करवतीसारखा न दिसता पायऱ्यांसारखा का दिसत होता, तेही जुळलं. ग्लिबसी या सी लायब्ररीतला मेमरी देणारा मॅलॉक १२८ केबीच्या वरचे तुकडे सुरुवातीला सिस्टमकडून स्वतंत्र मागतो, पण असा तुकडा एकदा परत केला की ती मर्यादा आपोआप वर सरकते आणि पुढच्या फ्रेम नेहमीच्या हीपमधून येतात. तिथे मोकळी झालेली जागा प्रोसेसकडेच राहते. त्यामुळे सिस्टमला नेहमी आजवरचा सर्वांत उंच दाताच दिसत होता.

२७ जानेवारी

गळती थांबली तरी फ्रेमची रचना अशीच ठेवणं धोक्याचं आहे. उद्या एखाद्या व्यापाऱ्याची स्क्रिप्ट खरोखरच मोठं टेबल बाळगेल आणि कलेक्टर पुन्हा सुस्तावेल.

पर्याय तपासले. लुआ_जीसी ला 'एवढे केबी मागितले गेले असं समज' म्हणून पाऊल टाकायला सांगता येतं. दर फ्रेममागे ९०० सांगितलं तर कलेक्टर धावत राहील, पण मग तो फळागणिक धावेल आणि पट्ट्याचा वेळ खाईल. दुसरा पर्याय ५.४ मधली क्लोज व्हेरिएबलं, ज्यांच्यातली वस्तू वापर संपताच बंद होते. भाषेतली ही सोय मला मनापासून आवडते, पण स्क्रिप्ट लिहिणारी माणसं पॅकहाऊसची आहेत. फ्रेम बंद करायची जबाबदारी त्यांच्यावर टाकणं योग्य नाही.

निर्णय: फ्रेमची मालकी सी++ कडेच. ठरावीक आठ फ्रेमचा साठा सुरुवातीला घेऊन ठेवायचा. कॉलबॅक संपला की हँडलमधला (स्क्रिप्टला दिलेल्या युजरडेटातला) पॉइंटर शून्य करायचा आणि फ्रेम साठ्यात परत. स्क्रिप्टने हँडल जपून ठेवलं आणि नंतर वापरलं तर 'या फळाचा फोटो आता उपलब्ध नाही' अशी मराठीतून स्पष्ट चूक दाखवायची. कलेक्टर कधीही धावो, फ्रेमच्या मेमरीशी त्याचा संबंध उरत नाही.

२९ जानेवारी

साठा बसवला. रीप्लेमध्ये प्रोसेस ६० एमबीच्या आत राहते. आलेख काढायला रेषाच हलत नाही.

३ फेब्रुवारी

आता संक्रांतीच्या दिवशी बाजूला ठेवलेल्या व्हॅलग्राइंडच्या छोट्या नोंदी. दोन प्रकार निघाले.

पहिला: स्क्रिप्टमध्ये चूक असली की गळणाऱ्या स्ट्रिंग. लुआ सी म्हणून बांधलेली असते तेव्हा ती चूक लाँगजंपने, म्हणजे मधली फंक्शनं ओलांडून, उडी मारून हाताळते. मध्ये आमचं सी++ फंक्शन असेल तर त्याच्या स्थानिक वस्तूंचे डिस्ट्रक्टर चालतच नाहीत. आकड्याच्या जागी मजकूर दिला की लुआएल_चेकनंबर उडी मारतो, आणि त्याआधी बनवलेली स्ट्रिंग मागे राहते. शिस्तीचा उपाय म्हणजे आधी सगळे पॅरामीटर तपासायचे आणि मगच सी++ वस्तू बनवायच्या. तो पाळायचाच, पण लुआला स्ट्रिंग देतानाही मेमरी अपुरी पडून चूक होऊ शकते, म्हणजे शिस्त सगळीकडे पुरत नाही. म्हणून लुआचा सोर्स सी++ कंपायलरने बांधला. तसं केलं की ती लाँगजंपऐवजी एक्सेप्शन (चूक वर कळवण्याची सी++ ची पद्धत) वापरते आणि डिस्ट्रक्टर व्यवस्थित चालतात. अट एकच: बाइंडिंगच्या (लुआ आणि सी++ जोडणाऱ्या) कोडमध्ये कुठलंही एक्सेप्शन सरसकट पकडून गिळायचं नाही, पकडलं तर पुढे फेकायचं. नाहीतर लुआची स्वतःची चूकच गिळली जाईल.

दुसरा: एका जुन्या प्रकाराच्या वस्तूंचा फायनलायझर कधी चाललाच नव्हता. मेटाटेबल वस्तूला लावल्यानंतर त्यात __जीसी, म्हणजे फायनलायझरचं क्षेत्र, भरलं जात होतं. लुआ मेटाटेबल लावण्याच्या क्षणी हे क्षेत्र आहे का ते बघते. नसेल तर त्या वस्तूवर फायनलायझरची खूण पडत नाही, नंतर भरून उपयोग नाही. दोन ओळींचा क्रम बदलला.

५ फेब्रुवारी

स्टॅकची, म्हणजे लुआ आणि सी++ ज्यावरून मूल्यं देतात-घेतात त्या चळतीची, तपासणी. प्रत्येक बाइंडिंग फंक्शनच्या आधी आणि नंतर लुआ_गेटटॉप (स्टॅकची उंची) सारखाच हवा, हे डीबग बांधणीत सक्तीचं केलं. एक जागा लगेच सापडली: लुआ_पीकॉल (चूक पकडण्याची सोय ठेवून फंक्शन चालवणारा) अपयशी ठरल्यावर चूक हाताळणारं फंक्शन स्टॅकवरच राहत होतं. दुरुस्त.

१० फेब्रुवारी

आता ही अवस्था टिकवायची. रोज रात्री बांधणीनंतर रीप्ले चालतो, मुद्दाम छोट्या लॉटचा. ठरावीक लॉटनंतर पूर्ण कलेक्शन सलग दोनदा करवायचं आणि मग प्रकारानुसार संख्या लिहायची. दोनदा का, हे इंटर्नने विचारलं आणि चाचणीच्या वरच तिने टिप्पणी म्हणून लिहिलं: फायनलायझर असलेली वस्तू पहिल्या फेरीत त्याच्यासाठी पुन्हा जिवंत केली जाते, तिची मेमरी पुढच्या फेरीत सुटते. एकदाच केलं तर निरोगी कोडही गळका दिसतो.

चाचणी रॅमचा आकडा बघत नाही. ग्लिबसी किती जागा स्वतःकडे ठेवेल हे मशीनगणिक बदलतं, आणि अशी चाचणी विनाकारण लाल व्हायला लागली की लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती बघते लुआच्या पाच प्रकारांची संख्या, सी++ चे जिवंत खाने, आणि रजिस्ट्रीतली टोकनं. लॉट वाढले तरी हे आकडे वाढता कामा नयेत.

१७ फेब्रुवारी

एक प्रकार उरतो, तो आमच्या कोडच्या हाती नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ग्लोबल टेबलात प्रत्येक फळाची नोंद करत राहायचं ठरवलं तर मेमरी वाढणारच, आणि ती कोणत्याही अर्थाने आमची गळती नसेल. तरी पट्टा थांबेल तो शेतकऱ्याचाच.

म्हणून ॲलोकेटरमध्ये कमाल मर्यादा घातली, ६४ एमबी. तिच्या पुढची मागणी आली की शून्य परत करायचं. आकार कमी करण्याची मागणी कधीच नाकारायची नाही. शून्य मिळालं की लुआ आधी तातडीचं पूर्ण कलेक्शन करून पुन्हा मागते, आणि तरीही नाही मिळालं तर मेमरी अपुरी असल्याची चूक देते, जी पीकॉल पकडतो. त्या तातडीच्या कलेक्शनमध्ये फायनलायझर चालत नाहीत. फ्रेमचं ओझं फायनलायझरवर न ठेवण्याचा २७ तारखेचा निर्णय इथेही कामी येतो. चूक पकडल्यावर फळाचा ग्रेड साध्या व्यासावरून लावायचा, म्हणजे चांगला माल ज्यूसमध्ये जाणार नाही, आणि पडद्यावर लाल पट्टी दाखवायची: कोणत्या लॉटची स्क्रिप्ट, किती मेमरी.

२५ फेब्रुवारी

पॅकहाऊसच्या मशीनवर नवी आवृत्ती चढवली. मृगाचे पहिले लॉट आले आहेत, सगळे लहान. भाऊंना सांगितलं, मुद्दाम लॉट बदलत राहा. त्यांनी दिवसभर बदलले. संध्याकाळी पडद्यावरचा आकडा स्वतः वाचून दाखवला आणि विचारलं, "हा सकाळपासून इतकाच कसा जी, मीटर बंद तं नाई पडला?" लॉट बदलतानाची खान्यांची संख्या पडद्यावर खाली-वर होताना दाखवली, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

शिल्लक: वजनकाट्याच्या बाइंडिंगमध्ये अजून जुन्या पद्धतीची रेफ आहेत. तीही टोकनच्या क्लासवर आणायची, मार्चच्या पहिल्या आठवड्यात.